गुंज फोडायची नाही

एका जंगलात एक नियम होता. गुंज फोडायची नाही.

गुंज म्हणजे ते लालचुटुक बी, मुलांनो, डोक्यावर काळा ठिपका असलेलं. जंगलातला सगळा व्यवहार गुंजांवर चाले. माकडाला गुंजा दिल्या की ते फणस उतरवून देई. अस्वलाला दिल्या की मध मिळे. फक्त ते बी दातांनी फोडून आत काय आहे ते बघायचं नाही, एवढंच.

त्या जंगलात लाजरी नावाची एक शेकरू राहत असे. नाव ठेवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. शेकरू म्हणजे मोठी खार. हाताला लागेल ते फोडून बघायचं, हा त्या जातीचा धर्मच. म्हणून लहानपणी लाजरीने आपल्या काकांना विचारलं, "भाऊकाका, गुंज का नाही फोडायची?"

"फोडत नाहीत," भाऊकाका म्हणाले.

"पण का?"

"कारण कोणी फोडत नाही."

शेजारी बसलेल्या ठकूआत्याने मान डोलावली. एवढं सोपं करून सांगितलेलं जिला कळत नाही तिचं पुढे कसं व्हायचं, याची दोघांना काळजी लागली.

लाजरी मोठी झाली. आणि एके दिवशी वाघमहाराजांना प्रगतीची लहर आली.

त्यांच्या प्रधान बगळ्याने एका पायावर उभं राहून फर्मान वाचलं. गुंजा हरवतात, चोरीला जातात, उंदीर पळवतात. तेव्हा सर्वांनी आपल्या गुंजा राजवाड्यात जमा कराव्यात. यापुढे कोणाच्या किती गुंजा आहेत ते राजपोपट लक्षात ठेवतील. झाडागणिक एक पोपट बसेल. तुम्ही पोपटाला सांगायचं, की त्या गुंजा दुसऱ्याच्या नावावर झाल्याच. बी नको, पिशवी नको. या नव्या गुंजेचं नाव राजगुंज.

भाऊकाकांना राजगुंज फार आवडली. राजवाड्यातून आलेलं त्यांना सगळंच आवडे. एकदा तिकडून उष्टं हाड आलं होतं, तेही त्यांनी फांदीवर जपून ठेवलं होतं. राजाची वस्तू आहे, बुडायची नाही, असं म्हणत ते घरोघर फिरले. लाजरीने आपल्या गुंजा जमा केल्या. एक तेवढी गालात ठेवून घेतली.

त्याच सुमारास लाजरीची आई फांदीवरून पडली. मागचा पाय दुखावला. पायाला लावायला मध हवा होता. लाजरीने पोपटाला सांगितलं, माझ्या दोन गुंजा अस्वलाला दे.

"कशासाठी?" पोपटाने विचारलं.

"मधासाठी."

"तुझ्या गुंजा फक्त जांभळांसाठी मंजूर आहेत."

"ऐन चैत्रात जांभळं कुठली?"

"तो माझा विषय नाही," पोपट म्हणाला. "आणि परवा महाराजांनी जांभई दिली तेव्हा तू हसलीस. तेही लक्षात ठेवलंय."

लाजरी भाऊकाकांकडे गेली. राजाने काहीतरी विचार करूनच केलं असेल, असं काका म्हणाले. कसला विचार, ते त्यांना माहीत नव्हतं. राजाचा विचार आपल्याला माहीत असणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. जांभळं पिकली तोवर लाजरीच्या गुंजांची मुदत संपली. न वापरलेली राजगुंज महिन्याने मरते, हे पोपटांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

"बरं झालं," ठकूआत्या म्हणाली. "राजाच्या पोपटावर विसंबतं का कोणी? माझ्याबरोबर चल."

नदीपलीकडे सातभाई राहत. तुम्ही पाहिले असतील, मुलांनो. भुरकट, कलकलाट करणारी पाखरं, सदा टोळीने फिरणारी. ते सात होते आणि त्यांची मोकळी गुंज होती. तिला राजा नव्हता, प्रधान नव्हता, बीसुद्धा नव्हतं. कोणी कोणाला किती दिल्या ते सातही जण लक्षात ठेवत. वाद झाला तर जास्त भाई म्हणतील ते खरं. नवी गुंज हवी असेल त्याने कड्यावर डोकं आपटायचं. जो सगळ्यात जास्त आपटेल त्याला एक गुंज. जंगलातले गवे दिवसभर आपटत होते. कड्यातून काय निघतं, असं लाजरीने विचारलं. आत्या म्हणाली, हे नव्या काळाचं आहे, तुला नाही कळायचं. लाजरी आत्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होती.

मोकळ्या गुंजेचा प्रचार एक रानकोंबडा करी. "राजावर विश्वास ठेवू नका," तो सांगे. "पोपटावर ठेवू नका. कोणावरच ठेवू नका. मी सांगतो ते ऐका."

सकाळी एका मोकळ्या गुंजेला एक फणस मिळे. दुपारी फणसाचं झाड मिळे. संध्याकाळी फणसाचा काटा. प्रत्येकाची एक गुप्त शीळ असे; ती घातल्याशिवाय गुंज हलत नसे. म्हातारा धनेश पक्षी आपली शीळ विसरला. तेव्हापासून त्याची संपत्ती सगळ्यांपासून सुरक्षित होती. त्याच्यापासूनसुद्धा.

आईचा पाय अजून बरा नव्हता. लाजरीने आईच्या ढोलीत साठवलेल्या फणसाच्या बिया, म्हणजे आठळ्या, दोन मुठी देऊन तीन मोकळ्या गुंजा घेतल्या. दुसऱ्या दिवशी मधासाठी शीळ घातली. तेव्हा चार भाई म्हणाले, हिच्या गुंजा कधी नव्हत्याच, त्या कोंबड्याच्या. तीन भाई म्हणाले, नाही, हिच्याच. तिघे खरं बोलत होते. पण तिघेच होते. चौघांना कोंबड्याने वाळवीचं वारूळ उकरून दिलं होतं.

"तक्रार कोणाकडे करायची?" लाजरीने विचारलं.

"तेच तर," आत्या अभिमानाने म्हणाली. "कोणाकडेच नाही."

आता ढोलीत उरलेल्या आठळ्या तेवढ्या राहिल्या. शेकरांना पावसाळाभर तोच आधार. आणि लंगड्या आईला दुसरं काहीच नव्हतं.

मृग चार दिवसांवर आला तेव्हा ज्ञातीतली थोर मंडळी लाजरीच्या झाडाखाली जमली. ढोलीत साठा ठेवणं मागासपणाचं आहे, यावर सर्वांचं एकमत झालं होतं. आठळ्या आजच्या आज विकायच्या. राजगुंजेत की मोकळ्या गुंजेत, एवढाच प्रश्न होता. त्यावरून भाऊकाका आणि ठकूआत्या सकाळपासून एकमेकांची शेपटी ओढत होते. अखेर काका म्हणाले की आपली लाजरी शिकलेली आहे, तिलाच निवडू दे.

"कोणती, बोल," आत्या म्हणाली. "दोनांतली एक."

लाजरी ढोलीच्या तोंडाशी बसली होती. मागे अंधारात आई पाय चाटत होती. दोघींच्या मध्ये आठळ्या होत्या.

लाजरीने गालातली जुनी गुंज काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि कडकन फोडली.

खालून कोणीतरी "शिव शिव" म्हटलं. आत्याने डोळे झाकले. लाजरीने तोंड वाकडं केलं, तुकडे थुंकले आणि पंजाने जीभ पुसली. बराच वेळ काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. पोपटाने मात्र लक्षात ठेवलं.

"काय गं," भाऊकाका हळूच म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आत काय होतं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने झाडाच्या मुळांकडे पाहिलं.

"आठळ्या मिळणार नाहीत," लाजरी म्हणाली. "राजगुंजेवर नाही आणि मोकळ्या गुंजेवरही नाही. आणि आत काय होतं तेही मी सांगणार नाही. आपापली गुंज फोडून बघा."

मंडळींनी आपापल्या मुठी उघडल्या. कोणाच्याच हातात फोडण्यासारखं काही नव्हतं.



तात्पर्य : मुलांनो, थोरांनी दिलेली वस्तू कधीही फोडून बघू नये. आत काय आहे ते त्यांना माहीत नसतं, आणि त्या वयात त्यांना असा धक्का देणं बरं नव्हे.