भोईर सरांची भरपाईची अट

हे आत्ताच लिहायला हवं. सोमवारी ऑफिसात भोईर सर दिसले की मला परत हसू येणार आणि सांगायचं राहूनच जाणार.

तर आमचे भोईर सर मेथीच्या जुडीचा करारनामा करतात. मस्करी नाही. पनवेलच्या मार्केटात भाजीवालीकडून चिठ्ठीवर लिहून घेतात, 'आत सडकी निघाल्यास विकणारी भरपाई देईल.' परवा ती म्हणाली, "सायेब, तुमी मेथी घेताय का जमीन?"

"सही कर. घेनाऱ्याला संरक्षन पायजे."

तिने केली, कारण मागे लाईन लागली होती.

आमची कंपनी बँकांची थकलेली घरकर्जं विकत घेते. कर्जाबरोबर गहाण घरावरचा हक्कही आमच्याकडे येतो. म्हणजे लोक आम्हाला बघून दार लावतात. सर मूळचे गव्हाणचे, आमचे लीगल हेड. बँकेशी प्रत्येक सौद्यात त्यांची एक अट ठरलेली: कागदात खोट निघाली, किंवा विकल्यावरही तुम्ही कर्जदाराकडून पैसे घेतलेत, तर आम्हाला भरून द्यायचे. एका बँकेचा वकील वैतागून म्हणाला, "भोईर, आम्ही पळून जाणार आहोत का?"

"नाय. पन मी लिवून घेनार."

आम्ही पाठीमागे त्यांना 'भरपाई' म्हणतो. माझ्या वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे केकवाल्याचं बिल मागत होते.

गेल्या आठवड्यात सर आणि मी पळस्प्याला गेलो, सकीनाखाला नावाच्या कर्जदार बाईंकडे. एकट्या राहतात, शिवणकाम करतात. फाईलप्रमाणे कर्ज आमच्याकडे आल्यापासूनचे सात हप्ते चुकलेले. भरा, नाहीतर घर सोडा, एवढं सांगून यायचं होतं.

खालांनी डब्यातून सात पावत्या काढल्या. सगळ्यांवर जुन्या बँकेचा शिक्का. "मी तर दर महिन्याला भरलेत, साब. हे घर गेलं तर मशीन घेऊन मी बसू कुठे?"

सरांनी एकेक पावती उजेडात धरून बघितली. मला वाटलं, आता शाईची पण हमी मागणार.

"कर्ज विकल्याचं पत्र आलं तुमाला?"

"कुठलं पत्र?"

मी फाईल उघडली. पत्र करंजाड्याच्या पत्त्यावर गेलेलं, तसंच परत आलेलं. खाला तिथे कधी राहिल्याच नव्हत्या.

"मंग इषय संपला," सर म्हणाले. "सांगितलंच नाय, तर जुन्या बँकेत भरलेलं भरलेलंच धरायचं. कायदा हाय. हप्ते चालू, घर यांचंच."

"आणि आपले पैसे?" मी विचारलं.

"बँक देल. अट कशाला घातलीय मी?"

फाईलवर तसा शेरा मारून सही केली. खालांनी डोळे पुसले आणि चहा टाकला. कर्जदाराच्या घरचं पाणीही न पिणारा हा माणूस चक्क नानखटाई बुडवून खायला लागला.

"घरी कोण कोण असतं, साब?"

"कोन नाय."

"मग घर केवढं?"

"मोठं हाय. तीन खोल्या. टायटल एकदम क्लिअर."

खालांनी कप परत भरला. सर म्हणाले, आज जेवायला काय करताय? मग मसाला कुठला, मासळी कोण आणून देतं, सगळं विचारत बसले. मी बाहेर रिक्षा थांबवून उभी होते. पुढच्या दोन घरी जायचं होतं. तरी आत जाऊन 'सर, निघू या' म्हणणं मला जमेना.

तुमचं झालंय का असं कधी? ज्याची रोज टर उडवता, तो कुणाच्या घरी नुसता बसलेला दिसला आणि त्याला उठवावंसं वाटलं नाही?