सगळं युसूफभाईंमुळं

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अण्णा जाधवांचं दूध एकदा उतू गेलं. वास आला म्हणून मी धावत गेले. ओट्यावरून ओघळ थेट फरशीवर आला होता आणि अण्णा फडकं हातात धरून शांतपणे उभे होते. कसं काय झालं, विचारलं तर म्हणाले, "युसूफमुळं."

युसूफभाई त्या वेळी आपल्या घरी पेपर वाचत असणार. पण अण्णांचा हिशोब सरळ होता. दूध उतू गेलं, कारण अण्णा विचारात होते. विचारात होते, कारण निवडणूक हरले. आणि निवडणूक हरले कोणामुळं? त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली, मोबाइलची रेंज गेली आणि पिंपळगावच्या भाच्याच्या द्राक्षांचा भाव पडला. सगळ्या वाटा फिरून फिरून युसूफभाईंच्या दारात पोचल्या.

निवडणूक म्हणजे तुम्हाला महापालिकेची वाटली असेल. छे! आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या ज्येष्ठ नागरिक संघाची. ही मंडळी रोज सकाळी जमतात, हात वर करून तब्येतीसाठी मोठमोठ्यानं हसतात आणि घरी जातात. निवडणूक लागली आणि हसणं बंद झालं. दोन पॅनल पडले. एका पॅनलचे अध्यक्षपदाचे उमेदवार अण्णा, उपाध्यक्षपदाचे युसूफभाई.

दोघांची उभी नोकरी अंबडच्या एकाच कंपनीत गेली. अण्णा उत्पादन खात्यात, युसूफभाई मालाच्या तपासणीवर. एकानं 'जाऊ द्या गाडी' म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'थांबा' म्हणायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. प्रचारातही तेच झालं.

गंमत बघायला मी दोन-चार घरी त्यांच्याबरोबर गेले होते. अण्णा सोफ्यावर बसून एकेक आश्वासन सोडायचे. ट्रॅकवर पाठ टेकायची बाकं, पिण्याच्या पाण्याची सोय, त्र्यंबकेश्वरची सहल, तीही एसी बसनं. ऐकणारे खूश. मग युसूफभाई कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "एसी बसचं अजून काही नक्की नाही. चौकशी केल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." अण्णा हळूच त्यांचा गुडघा दाबायचे. त्यावर युसूफभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "गुडघा कशाला दाबतो रे?" मी हसू लपवायला बाल्कनीत जाऊन त्या घरच्या कुंड्या बघायचे.

पण मतदानाच्या दिवशी त्यांनी कमालच केली. युसूफभाई सकाळपासून स्कूटर घेऊन फिरत होते. ज्यांना चालवत नाही त्यांना घरून उचलायचं, हॉलच्या दारात उतरवायचं. दारात उभे अण्णा कौतुकानं बघत होते. एक आजी स्कूटरवरून उतरल्या आणि थेट समोरच्या उमेदवाराला जाऊन म्हणाल्या, "तुमच्यासाठीच आले हो." मग एक आजोबा उतरले. तेही तिकडेच. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

"युसूफ, अरे ही त्यांची माणसं हायेत."

"मग? त्यांचे पाय दुखत नाही का?" युसूफभाई म्हणाले आणि पुढची सवारी आणायला निघून गेले.

अण्णा जेवढ्या मतांनी पडले, तेवढी माणसं तर त्या स्कूटरनं दोन फेऱ्यांतच आणली होती.

तेव्हापासून हे सुरू झालं. भाजीवालीला, वॉचमनला, पाहुण्यांना अण्णा एकच कथा सांगायचे, तीही युसूफभाई शेजारी बसलेले असताना. ते मान खाली घालून चहा प्यायचे. एकदा ते उठून गेल्यावर अण्णांना बरं वाटावं म्हणून मीही म्हटलं, खरंच अण्णा, त्यांनीच बुडवलं तुम्हाला.

अण्णांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. "तुम्ही कोण त्याला बोलणाऱ्या? माझ्या पॅनलचा माणूस हाय तो. मी बोलंल. आणि त्या म्हातारीनं काय रांगत यायचं होतं?"

मी थक्क. माझा चहा अर्धाच राहिला आणि मी माझ्या घरी आले.

पण खरा धक्का पुढेच होता. युसूफभाईंनी संघ सोडला. अख्खा जन्म तपासणीवर काढलेला माणूस. तक्रार आली की माल बाजूला काढायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी स्वतःला बाजूला काढलं. अण्णांच्या दाराची सकाळची बेल थांबली.

त्या बेलचं सांगायला हवं. अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यावर अण्णा घराबाहेर पडेनात. तेव्हा युसूफभाई रोज उजाडताना यायचे आणि दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढायचे नाहीत. सगळा मजला जागा व्हायचा. अण्णांना निवडणुकीला उभं करायची कल्पनाही त्यांचीच. माणसाला काही काम असलं की तो दाढी तरी करतो, असं त्यांनी मला हळूच सांगितलं होतं.

आता अण्णा ट्रॅकवर जाईनात. पुन्हा लिफ्ट बंद पडली. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बंद पडली असंल." बस, एवढंच. माझ्या अंगावर काटा आला.

मी तडक युसूफभाईंकडे गेले. ते म्हणाले, "ताई, अण्णाचं चुकत नाही. मी त्याच्यासोबत असलो की त्याचं नुकसान होतं." मी सांगितलं, आता अण्णा कोणालाच बोल लावत नाहीत. त्यांनी दचकून वर पाहिलं.

"मलापण नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताना समोरची बेल वाजली. मी अर्थातच दार किलकिलं करून उभी होते. बेलला बोट लागतं न लागतं तोच दार उघडलं. अण्णा स्वेटर घालून, बुटांच्या नाड्या बांधून तयार. मागे, दाराकडे तोंड करून एक खुर्ची मांडलेली.

युसूफभाईंनी बुटांकडे पाहिलं. "रोज बसतो इथं?"

"रोज कशाला? आजच बसलो."

युसूफभाई वाकले. खुर्चीखाली चहाचे कप होते. एक नाही, बरेच. काहींतला चहा वाळून तळाशी चिकटला होता. त्यांनी एकेक कप उजेडात धरून पाहिला, सगळे उचलले आणि आत बेसिनकडे गेले. नळ सुरू झाला.

अण्णा दारात तसेच उभे. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मग आतल्या नळाचा आवाज ऐकत, मी काहीच विचारलेलं नसताना म्हणाले,

"कप लय स्वच्छ धुतो तो."