भगवानरावांचे राखीव हार

माझा नातू धम्मरत्न याचा मंगल परिणय गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी धामणगाव बढे येथे योजण्यात आला होता. वेळ सकाळी साडेअकराची. त्याच संध्याकाळी मलकापूरहून नवरानवरीची गाडी होती, कारण सोमवारी धम्मरत्नला बिलासपूरच्या वीज केंद्रात हजर व्हायचं होतं. हजर झाला नाही तर नेमणूक आपोआप रद्द, असं त्याला बजावून सांगितलेलं होतं. या नोकरीपायी पोरानं परीक्षा देऊन देऊन डोक्याचे केस पातळ करून घेतले होते. पण काळजीचं कारण नव्हतं. साडेअकरा आणि संध्याकाळ यांच्यामध्ये एवढा मोकळा वेळ होता, की आमच्या काळी तेवढ्यात दोन लग्नं आणि एक भांडण आरामात उरकत असे.

माझं स्वतःचं लग्न बीबी गावी एका कडुनिंबाखाली लागलं. आलेल्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी मिळे, आणि ‘या, बसा’ एवढंच त्याचं स्वागत. सत्कार एकाचाच झाला, तो बैलजोडीचा. कारण वऱ्हाड ओढून तीच थकली होती. तिनं भाषण केलं नाही.

आताची पद्धत वेगळी आहे. तिची सुरुवात साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशीच झाली. नवरी मंजुश्री हिचे वडील किसनराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. साक्षगंधाला त्यांनी सगळ्यांना टॉवेल-टोपी दिली आणि नेमके घराण्याचे थोरले जावई भगवानराव यांनाच विसरले. भगवानराव म्हणजे मंजुश्रीच्या आत्याचे, अंबूबाईंचे यजमान. त्यांनी फक्त ताटावरून उठून चप्पल घातली आणि त्यानंतर कुणाचाही फोन उचलला नाही. त्यांची समजूत काढायला तीन गावचे लोक लागले. शेवटी समेट झाला तो एका अटीवर.

“मी काई रुसलो नाही,” भगवानराव म्हणाले. “पण लग्नात माहा सत्कार सगळ्यात शेवटी झाला पायजे. माह्यानंतर कोणाचाच नाही.”

शेवटचा सत्कार म्हणजे सर्वांत मोठा मान, हे आमच्या भागात शेळ्या राखणाऱ्यालाही कळतं. किसनरावांनी कबूल केलं. भगवानराव आणि अंबूबाई यांच्यासाठी खास बुलढाण्याहून दोन मोठे हार आणवले. एवढे मोठे, की ते घालून माणसाला कुणाशी तरी टेकून उभं राहावं लागेल. उन्हानं कोमेजू नयेत म्हणून ते मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात, ओल्या गोणपाटाखाली ठेवण्यात आले.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला मंच सज्ज होता. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मेणबत्त्या, पांढऱ्या वस्त्रांतली नवरानवरी आणि बौद्धाचार्य. त्रिशरण, पंचशील, हार, मंगल गाथा, म्हणजे सावकाश म्हटलं तरी अर्ध्या तासाचा विधी. बौद्धाचार्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात सूत्रसंचालक संघर्ष यानं माइक हातात घेतला.

“विधीला सुरुवात करण्यापूर्वी,” तो म्हणाला, “आपण अगदी थोडक्यात मान्यवरांचे सत्कार आटोपून घेऊ.”

एक वाजता सोयऱ्यांचे सत्कार संपले आणि गावकऱ्यांचे सुरू झाले. ज्यांच्या हस्ते सत्कार होत होते, त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा स्वतःचा झालेला नाही. तेव्हा सत्कार करणाऱ्यांचा सत्कार हा नवीन विषय मंजूर झाला. तो ज्यांनी केला त्यांचंही म्हणणं रास्तच होतं. प्रत्येक जण ‘फक्त दोन शब्द’ बोलत होता. बौद्धाचार्यांचा सत्कार दोनदा झाला. दोन्ही वेळा त्यांना वाटलं, आता विधीला बोलावलं.

मी किसनरावांना मांडवाच्या खांबापाशी गाठलं.

“किसनराव, पोट्ट्याची गाडी हाये. लगन लावून द्या, मंग बसा शाली पांघरत.”

“माय, घाबरता काऊन? आपल्यात मुहूर्त कुठी असते? मुहूर्त म्हंजे अंधश्रद्धा. आपलं लगन कधीबी लागते.”

“कधीबी लागते म्हंजे आजबी लागते ना?”

“लागते ना. पण भगवानरावाचा सत्कार झाल्याबिगर लावता येत नाही, आन बाकीच्यायचे झाल्याबिगर भगवानरावाचा करता येत नाही.”

“मंग करा बाकीच्यायचे.”

“करून तं राह्यलो. पण लोकं येऊनच राह्यले, माय.”

ते खरं होतं. फाटकातून नवा माणूस आत आला, की भगवानराव एक नंबर मागे सरकत. ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते आणि प्रत्येक नव्या पाहुण्याकडे असे पाहत, की तो बिचारा आपल्या चपला तपासून घेई. मी सुचवलं, फाटक लावून घ्या.

“फाटक लावलं तं साहेब कुठून येतील?” किसनराव म्हणाले.

साहेब म्हणजे समारंभाचे अध्यक्ष, तालुक्याचे नेते. साहेब निघाले आहेत, असं संघर्ष सकाळपासून जाहीर करत होता. आमच्या भागात ‘निघाले आहेत’ याचा अर्थ आंघोळीचं पाणी तापत आहे, असा घ्यायचा असतो.

अडीच वाजता शाली संपल्या. तेव्हा झालेल्या सत्काराच्या शाली मागच्या दारानं परत गोळा करून पुढच्या दारानं मंचावर आणण्याची व्यवस्था लावण्यात आली. एका गृहस्थाला आपलीच शाल पुन्हा मिळाली. तिच्यावर मघाचा चहा सांडलेला होता. त्यावर त्यानं ‘या शालीशी माझे जुने संबंध आहेत’ अशी सुरुवात करून चांगलं भाषण केलं.

मंचावर आता उभं राहायलाही जागा उरली नाही. आधी नवरानवरीच्या खुर्च्या मान्यवरांना देण्यात आल्या. मग ती दोघं कडेला उभी राहिली. मग माइकवर सूचना आली:

“वधू-वरांना विनंती आहे, त्यांनी मंचावर विनाकारण गर्दी करू नये.”

ती दोघं खाली उतरली. धम्मरत्न माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून मला तो पहिल्यांदा शाळेत गेला होता तो दिवस आठवला.

“आजी, आता निंगालो नाही तं गाडी चुकते,” तो म्हणाला. “आन लग्न टाकून गेलो तं मंजु चुकते.”

“मी नाही चुकत,” मंजुश्री म्हणाली. “मी इथंच उभी हाये. मले कोणी बोलावून नाही राह्यलं, एवढंच.”

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेबांनी मंचावर जाऊन व्हिडिओवाल्याचा हात हातात घेतला आणि त्याला सुखी संसाराच्या शुभेच्छा दिल्या. त्याबरोबर सगळ्या मांडवात कुजबुज सुरू झाली. मघाचे सत्कार किरकोळ हातांनी झाले होते. आता साहेब हजर असताना ते धरायचे कसे? संघर्षनं तातडीनं जाहीर केलं, की सर्व सत्कार साहेबांच्या शुभहस्ते पुन्हा घेण्यात येतील.

मी दोघांच्या मनगटाला धरलं आणि भटारखान्याकडे चालू लागले.

तिथं बौद्धाचार्य पाण्याचा पेला घेऊन पोत्यावर बसले होते आणि स्वयंपाकीण तानाबाई कणकेच्या तळलेल्या बट्ट्यांवर फडकं टाकत होती. सामानाच्या खोलीच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर तथागत होते आणि बाबासाहेबही.

“इथं चालते का, गुरुजी?” मी विचारलं.

“इथं शांतता हाये, आजी,” बौद्धाचार्य म्हणाले. “मंचापेक्षा बरं चालते.”

तानाबाईनं कॅलेंडर पुसलं आणि मेणबत्ती लावली. सगळे उभे राहिलो. त्रिशरण झालं, पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली. बाहेर साहेब ‘समाजाने वेळेचे महत्त्व ओळखले पाहिजे’ या विषयावर बोलत होते. मग बौद्धाचार्य म्हणाले, “हार.”

हार नव्हते. नवरानवरीचे हार दुपारीच कुणा दोन मान्यवरांच्या गळ्यात गेले होते. मंजुश्रीनं इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं ओलं गोणपाट उचललं.

“मंजु, ते भगवान फुवाजीचे हायेत,” धम्मरत्न म्हणाला.

“दोन हायेत का नाही?” मंजुश्री म्हणाली. “मंग मान वाकव.”

मंगल गाथेला फुलं नव्हती, म्हणून तानाबाईनं निवडलेली कोथिंबीर पुढे केली, पण अर्धीच. उरलेली वांग्याच्या भाजीवर घालायची होती. मी आणि तानाबाईनं ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. दोघांनी प्रत्येकी दोन बट्ट्या रुमालात बांधून घेतल्या आणि ती मागच्या फाटकानं मोटारसायकलवरून मलकापूरच्या रस्त्याला लागली. हार एवढे मोठे होते, की चालवणारा कोण आणि मागे बसलेलं कोण, हे काही कळत नव्हतं.

मी परत येऊन आपल्या खुर्चीवर बसले. कुणी काही विचारलं नाही.

साडेपाच वाजता नवीन माणसं येणं थांबलं. संघर्षनं आवाज गंभीर केला. “आणि आता, आपण ज्या क्षणाची सकाळपासून वाट पाहत आहोत…” भगवानराव उठले. त्यांनी सदरा खाली ओढला. किसनराव भटारखान्याकडे पळाले आणि तसेच पळत माझ्याकडे आले.

“माय, हार कुठी हायेत?”

“मलकापूरच्या रस्त्यानं गेले.”

“कोणाच्या गयात?”

“तुमच्या पोरीच्या आन माह्या नातवाच्या. लगन लागलं, किसनराव.”

किसनराव मटकन खाली बसले. पण बातमी मंचावर पोचायला वेळ लागला नाही. भगवानराव दोन पावलं पुढे आले.

“कोणाच्या हस्ते?” त्यांनी विचारलं.

“कोणाच्याच नाही, जावई. त्याह्यच्याच हातानं.”

“अध्यक्ष कोण होतं?”

“तानाबाई जवळच उभी होती.”

तेवढ्यात किसनरावांचा फोन वाजला. मलकापूरच्या फलाटावरून फोटो आला होता. दोघांच्या गळ्यात ते हार, मंजुश्रीच्या केसात कोथिंबीर, मागे गाडीचा डबा. किसनरावांचे डोळे भरून आले. भगवानरावांनी फोन हातात घेऊन फोटो बराच वेळ न्याहाळला.

“हार चांगले होते,” भगवानराव म्हणाले.

संघर्ष हुशार पोरगा आहे. त्यानं लगेच माइक उचलला आणि बिनखर्चाचा, बिनमानपानाचा, आदर्श साधा विवाह वेळेत पार पाडल्याबद्दल उपस्थित सर्वांचा जाहीर सत्कार घोषित केला. शाली पुन्हा मागच्या दारानं निघाल्या. सर्वांत शेवटी, ज्यांच्या हारांनी हा विवाह लागला, त्या भगवानरावांचा सत्कार झाला. त्यांनी साधेपणावर दोन शब्द सांगितले. ते संपले तेव्हा गाडी अकोल्याच्या पुढे गेली होती. माझाही सत्कार झाला. शालीवर चहाचा डाग आहे, पण ऊब चांगली आहे.

तुम्ही हे वाचून आमच्या लोकांना हसत असाल. हसा. फक्त मागच्या लग्नसराईत ज्या शेवटच्या लग्नाला गेला होतात, त्या नवरीचं नाव तेवढं आठवून पाहा. नाही ना आठवत? असू द्या. तुमचं नाव माइकवरून कितवं पुकारलं होतं, ते मात्र तुम्हाला पक्कं आठवतं, आणि तुमच्या आधी कोणाचं पुकारलं, तेही.