तोंग साहेबांचा गोल

चीनचा पुरुषांचा फुटबॉल संघ का हरतो, हे मला विचारा. दुसऱ्या कोणाला विचारू नका! तसं आमच्या गावात प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं. न्हावी म्हणतो, खेळाडूंचे पगार फार वाढलेत. टॅक्सीवाला म्हणतो, पगार फार कमी आहेत. आमचे सासरे म्हणतात, जपानी कच्चे मासे खातात, कोरियन तिखटजाळ कोबी खातात, आपण वाफवलेले पाव खातो, मग पळणार कोण? एकशे चाळीस कोटींतून अकरा माणसं सापडत नाहीत, हे वाक्य तर आमच्याकडे सूप वाढता वाढता म्हटलं जातं. पण ही सगळी बाहेरची मंडळी. मी पडलो आतला! जिल्हा क्रीडा कार्यालयात उपविभागप्रमुख, शिवाय कार्यालयाच्या संघाचा गोलकीपर. माझ्याइतके गोल या जिल्ह्यात कोणी खाल्ले नसतील. आणि अभिमानाने सांगतो, त्यातला एकही मी चुकून खाल्लेला नाही!

त्याचं असं आहे. आमचे संचालक तोंग साहेब यांना फुटबॉलचं वेड. दर बुधवारी दुपारी कार्यालयाचा सराव. संघातल्या जागा अर्थातच हुद्द्याप्रमाणे. साहेब सगळ्यात पुढे, त्यांच्या दोन्ही हातांना विभागप्रमुख, मध्ये उपविभागप्रमुख, मागे कारकून. सरावापुरता मी समोरच्या बाजूच्या गोलात, कारण साहेबांसमोर उभं राहायला भरवशाचा माणूस लागतो. साहेब मारतात, गोल होतो, सगळे टाळ्या वाजवतात, मग आम्ही कामाला लागतो.

तुम्हाला वाटेल, त्यात काय, बाजूला झालं की झालं. अहो, नुसतं बाजूला होणं शिपायालाही जमेल! साहेबांना संशय येता कामा नये, यातच सगळं कसब आहे. मी साहेबांच्या खांद्यावर नजर ठेवतो. खांदा कलला की चेंडू कुठे येणार हे मला साहेबांच्याही आधी कळतं. मग मी जिवाच्या आकांताने नेमका दुसरीकडे झेपावतो, मातीत लोळतो, जमिनीवर मूठ आपटतो. साहेब येऊन पाठीवर थाप मारतात, "गुआन, झुंज मात्र चांगली दिलीस हं!" असं कितीतरी वर्षं चाललं होतं. ही झेप आता माझ्या अंगातच मुरली होती.

यंदा शरद ऋतूत आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी पडली. खुर्ची खिडकीजवळ, हीटरला लागून. माझं टेबल दाराशी. आमच्या ईशान्येकडच्या थंडीत दार उघडलं की माझ्या चहावर बर्फ धरतो! खुर्चीसाठी उमेदवार दोनच, मी आणि हाओ. हाओ माझ्याहून वयाने लहान, बोलायला गुळासारखा गोड. मला 'गुआनदादा, गुआनदादा' म्हणत माझ्याच पुढे रांगेत घुसणारा. आमच्या बायकोने, फेंगचिनने, तर घरी निर्वाणीचा इशारा दिला, "हे बघ, या वेळी त्या खुर्चीवर बसला नाहीस ना, तर घरीसुद्धा दाराशीच बसायचं. जेवण तिथेच आणून देईन!"

अशात बातमी आली. आमच्या गावाची कोरियातल्या एका गावाशी मैत्री आहे, तिथला संघ सामना खेळायला येणार! तोंग साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"हार-जीत महत्त्वाची नाही. मैत्री महत्त्वाची," साहेब म्हणाले.

"अगदी बरोबर, साहेब!" हाओ म्हणाला.

"पण मैत्रीतसुद्धा एखादा गोल असावा. आपल्याकडून. काय गुआन?"

"असावाच, साहेब! आपल्याच पायातून असावा!" मी म्हणालो. हाओचा चेहरा पडला.

"विभागप्रमुखाचं काय ते सामन्यानंतर बघू," साहेब म्हणाले.

मी कामाला लागलो. आधी मैदान. आमचं मैदान एरवी कुलूपबंद असतं, गवत खराब होऊ नये म्हणून. शाळेची मुलं येता-जाता कुंपणाला नाक लावून बघतात, पण त्यांनाही शिकवणीला जायचं असतं, त्यामुळे कोणाची तक्रार येत नाही. एवढं जपूनही गवत थंडीने पिवळं पडलेलं. मग काय, हिरवा रंग मागवला आणि अख्खं मैदान रंगवून काढलं! त्यानंतर निवृत्त बायकांचा ढोलताफा बोलावला. त्यांच्या म्होरक्या बाईंना बजावलं, "मावशी, तोंग साहेबांच्या पायाचा चेंडू जाळ्यात गेला की वाजवायला लागायचं. बाकी काही बघायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, आणि कोणी सांगितलं तरी थांबायचं नाही!" बाईंनी मान डोलावली. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

कोरियन मंडळी बसमधून उतरली आणि मला हसू आवरेना. एकाच्या गुडघ्याला पट्टा, एकाला टक्कल. त्यांचा कप्तान नो हा गावातला न्हावी. बचावफळीत बेक नावाचे शाळेचे मुख्याध्यापक, चांगली ढेरी सुटलेले. आमच्या दुभाषी पियाओबाई तिकडच्याच रक्ताच्या, पण जन्मल्या-वाढल्या आमच्या जिल्ह्यात. मी त्यांना म्हटलं, "हे खेळणार?"

"दर रविवारी खेळतात."

"कोणाच्या हुकमाने?"

"हुकूम कसला, गुआनसाहेब? आवडतं म्हणून!"

हे काही मला नीट कळलं नाही. पण त्या लोकांची रीतभात बघून जीव भांड्यात पडला. न्हावी मुख्याध्यापकांना दोन्ही हातांनी चहा देत होता. ते बसल्याशिवाय कोणी बसत नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, शहाणी माणसं आहेत, यांना मोठ्यांची किंमत कळते! पियाओबाईंना घेऊन मी हळूच न्हाव्याला गाठलं.

"त्यांना म्हणावं, आमच्या साहेबांना एक गोल मारू द्या. एकच. वेळ तुम्हाला सोयीची असेल ती."

पियाओबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बुटाची नाडी बघू लागलो. पण त्यांनी विचारलं. न्हावी पोट धरून हसला.

"ते म्हणतात, मारू देत की! आम्ही कुठे नको म्हणतोय?"

आता आमच्या कार्यालयात 'बघू' म्हणजे हो, आणि 'नक्की' म्हणजे नाही. न्हावी 'नक्की' म्हणाला नव्हता, त्या हिशेबाने हा होकार सोन्यासारखा होता! मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, गोल तयार आहे. आपण फक्त यायचं!"

सामना सुरू झाला. चेंडू साहेबांच्या पायात आला. साहेब दोन पावलं चालले. न्हावी आला आणि चेंडू घेऊन गेला!

घेऊन गेला! साहेबांच्या पायातून! विचारलंसुद्धा नाही! साहेब तिथेच उभे. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून चेंडू कोणी घेतलेला नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते बाकांकडे बघायला लागले, जणू कोणीतरी येऊन तो परत आणून देईल. तोवर न्हाव्याने माझ्या डावीकडून गोल मारलासुद्धा.

मग त्या न्हाव्याने मागे वळून बोंब ठोकली. माझ्या गोलामागे उभ्या असलेल्या पियाओबाई हसायला लागल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, अरे ए बेक! झोपलास काय? डावीकडे सरक!"

"मुख्याध्यापकांना? अरे-तुरे? आता जुंपणार!"

कसली जुंपतेय! मुख्याध्यापक "आलो आलो!" म्हणत डावीकडे पळाले.

"मैदानात वय नाही, हुद्दा नाही," पियाओबाई म्हणाल्या. "'गुरुजी, आपण कृपया जरा डावीकडे येता का' असं म्हणेपर्यंत गोल होतो ना! बाहेर आला की हाच न्हावी त्यांच्यासमोर सिगारेट लपवतो."

तिकडे आमच्या बाजूला तर चमत्कारच घडला. चेंडू उडत उडत हाओच्या पायाशी पडला, समोर फक्त त्यांचा गोलकीपर, तोही घसरून पडलेला! लहान मूलसुद्धा गोल मारेल. हाओ थांबला. मान वळवून साहेबांना शोधू लागला. साहेब पार मागे, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते.

"हाओ, मार!" मी ओरडलो.

"साहेबांच्या आधी? मी?" हाओ तिथूनच ओरडला. चेंडूवर पाय ठेवून तो अदबीने वाट बघत राहिला. गोलकीपर उठला, गवताचा रंग झटकला आणि हाओच्या पायाखालून चेंडू काढून घेऊन गेला. मी हाओला पोटभर शिव्या घातल्या. पण खोटं कशाला बोलू? त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो.

मग गोलांचा पाऊस सुरू झाला. मी झेपावत होतो, नाही असं नाही. दोन चेंडू तर अडवले, त्यातला एक तोंडाने. पण कोरियन लोकांचे खांदे मला वाचता येत नव्हते. साहेबांना चेंडू मिळेना, म्हणून साहेब चेंडूच्या शोधात मागे येऊ लागले. साहेब मागे आले की विभागप्रमुख त्यांच्या मागे, विभागप्रमुखांच्या मागे आम्ही सगळे, कारण साहेबांच्या पुढे उभं कोण राहणार? शेवटी शेवटी अख्खं कार्यालय माझ्या गोलासमोर गोळा झालं. पलीकडच्या अर्ध्या मैदानात मुख्याध्यापक एकटेच, घाम पुसत उभे होते.

त्या गर्दीत हाओला चेंडू मिळाला आणि त्याने तो इमानाने साहेबांना दिला. समोरून न्हावी धावत आला. साहेब घाबरले. गर्रकन वळले आणि माझ्याकडे चेंडू सोपवायचा म्हणून जीव खाऊन लाथ मारली. मी साहेबांचा खांदा बघितला. खांदा उजवीकडे कलला...

आणि मी डावीकडे झेपावलो! अप्रतिम झेपावलो! मातीत लोळलो, मूठ आपटली, सगळं केलं. हवेत असतानाच मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय, पण तोवर चेंडू आमच्याच जाळ्यात जाऊन बसला होता.

आणि लगेच ढोल! मावशींनी शब्द पाळला! लाल रुमाल हलवत, गिरक्या घेत बायका नाचायला लागल्या. ढोल ऐकून साहेबांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. हात वर गेलेले बघून कारकून धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडले. बाकांवर उरलेलं कार्यालय उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कोरियन मंडळी एकमेकांकडे बघत होती. शेवटी भल्या माणसांनी त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी मावशींकडे बघून नको नको म्हणून हात हलवले. त्यांना वाटलं, मीही नाचतोय. ढोल आणखी चढला! न्हावी येऊन साहेबांचा हात हलवत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"हे मी सांगणार नाही," पियाओबाई म्हणाल्या.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत सगळे माना खाली घालून बसलो होतो. साहेबांनी रंगलेल्या हातांनी घाम पुसलेला, त्यामुळे चेहरा हिरवागार. हसण्याची कोणाची छाती नव्हती.

"गुआन," साहेब म्हणाले. "तू तिकडे का झेपावलास?"

"हो ना, गुआनदादा!" हाओ लगेच म्हणाला. "चेंडू तर अगदी सावकाश येत होता."

खरं सांगितलं तर साहेबांचे इतक्या वर्षांचे सगळे गोल एका वाक्यात पुसले जाणार. चुकलो म्हटलं तर मी बावळट आणि खुर्ची हाओची. डोळ्यांसमोर फेंगचिन आली, दाराशी ताट घेऊन.

"साहेब," मी म्हणालो, "फटकाच असा होता की डोळ्यांपुढे अंधारी आली. चेंडू दिसलाच नाही!"

साहेबांनी चहाचा थर्मास खाली ठेवला. "कोरियन लोकांचे तर तू दोन अडवलेस."

"अडवले, साहेब."

"माझा नाही अडवता आला."

"आपला आजवर कधी अडवता आलाय, साहेब?"

"म्हणजे आज मैदानात सगळ्यात जबर फटका..."

"आपलाच!"

"दिशा तेवढी जरा..." हाओ पुटपुटला.

"दिशा?" साहेब कडाडले. "दिशा शिकवता येते, हाओ! ताकद शिकवता येते का?"

हाओची खुर्ची तिथेच गेली.

रात्रीच्या जेवणात मुख्याध्यापक स्वतः उठून माझा पेला भरायला आले. पियाओबाईंमार्फत म्हणाले, "तुम्ही झेप छान घेता. चेंडू कुठे जाणार हे तुम्हाला आधीच कळतं, हे फार थोड्यांना जमतं. फक्त तिकडेच जात जा!" सगळे हसले, मीही हसलो. पण मला लाज वाटली. तो पेला मला कडू लागला.

पुढच्या आठवड्यात मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो. फेंगचिनने गादी शिवून दिली. हुद्दा बदलला तशी मैदानातली जागाही बदलली. बुधवारी मी पुढच्या फळीत, साहेबांच्या उजव्या हाताला! आणि समोर गोलात हाओ. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायाशी चेंडू आला. मी मारला. चेंडू रखडत रखडत निघाला, मध्ये एकदा थांबतो की काय असं वाटलं. हाओने डोळे वटारले, आरोळी ठोकली आणि पार दुसऱ्या टोकाला झेपावला. माझ्याहून सरस! उठताना थोडा लंगडलासुद्धा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे कसब माझंच. त्यातली खाच न् खोच मला ठाऊक. तरी घरी जाऊन मी फेंगचिनला म्हटलं, "आज असा मारला म्हणतेस कोपऱ्यात! गोलकीपर बघतच राहिला!"

"गोलात कोण होतं?"

"हाओ."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मोमोंना चुण्या घालायला लागली. बायकांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. कारण मंडळी, हाओने काहीही केलं असो, तो चेंडू शेवटी शेवटी जरासा वळला होता. मी स्वतः बघितलं!