याकोबमामांच्या रजा

याकोबमामांनी माझ्याकडे दिलेल्या पहिल्याच अर्जात कारण होतं : ‘आमचे पेत्र यांना उलटे टांगून मारले, सबब उद्या रजा मिळावी.’

मी हादरले. “पोलिसात कळवलं का, मामा?”

“कोन्या पोलिसात, ताई? दोन हजार वर्सं होऊन राहिली.”

सिद्धेश्वर धरणावरच्या आमच्या ऑफिसात रजेचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मामा मोजणीदार, पाटाला किती पाणी सुटलं ते पाहायचे. ख्रिस्ती इतिहासातले सगळे हुतात्मे म्हणजे त्यांची घरची माणसं. “आमचा पेत्र भलता तापट,” “आमचा पौल चालून चालून दमला,” असं सांगायचे, जणू मंडळी शिरड शहापूरला राहतात. तपशिलाला मात्र पक्के. पौलालाही क्रुसावर दिलं असं कुणी म्हणालं, की मामा चहाचा कप खाली ठेवायचे. “तलवारीनं मारलं. बराबर सांगा. माणूस गेलाय तिथं.”

किरकोळ रजा वर्षाला आठ आणि हुतात्मे शेकडो. शेवटी मीच यादी करून दिली : कुणाला पूर्ण रजा, कुणाला नुसती प्रार्थना. पेत्र आणि पौल एकाच दिवशी येतात हे कळल्यावर मी खूश. एक रजा वाचली. थोमाला अर्धा दिवस दिला तेव्हा मामा रुसले.

“भाला खाल्ला त्यानं. अन् अर्धाच दिस?”

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मामांची बायको, मार्थामावशी, अंथरुणाला खिळली. दवाखान्याच्या फेऱ्यांत मामांच्या किरकोळ रजा नोव्हेंबरातच संपल्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी धोंडे मारून ठार केलेल्या स्तेफनचा दिवस, आणि नेमके त्याच दिवशी नवे साहेब तपासणीला. गैरहजर माणसाला नोटीस ठरलेली. मी दोनदा बजावलं. मामा “व्हय, व्हय” म्हणाले आणि आलेच नाहीत.

त्यांच्या साठलेल्या अर्जित रजेतून एक दिवसाचा अर्ज भरून मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. दार उघडंच होतं. मावशी खाटेवर, मामा उशाशी बसून गोष्ट सांगत होते : चवताळलेला जमाव, हातात धोंडे, मधोमध एकटा स्तेफन.

“मंग?” मावशीला धाप लागली होती. “मेला का वो?”

मामांनी तिची गोधडी वर ओढली.

“न्हाई. लोकायनं धोंडे खाली टाकले. घरी गेला, जेवला, झोपला.”

मावशीनं डोळे मिटले. धाप हळूहळू कमी झाली.

मामांनी मान वळवली तर दारात मी. ते बाहेर आले. कारणाच्या रकान्यात मी ‘पत्नीचे आजारपण’ लिहिलं होतं. वाचून त्यांनी सही केली.

“दरसाल समदं बराबर सांगतो तिला,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “औंदा कुणी मेलेलं सोसत न्हाई तिला.”

“आणि स्तेफनला काय वाटेल, मामा?”

“त्यानं तर धोंडे मारणाऱ्यायला माफ केलं, ताई. मला काय बोलंल?”