दामोदरपंतांचा लोकरी जलपोशाख

मनुष्य पायांनी धावतो, असा एक गैरसमज अनवाणी लोकांत पूर्वापार आढळतो. सुधारलेल्या समाजात मनुष्य कपड्यांनी धावतो, कपड्यांनी पोहतो आणि कपड्यांनीच जिंकतो. हातपाय असतात ते कपडे इकडून तिकडे नेण्यापुरते. हे सत्य बंगळुरातल्या एका सरकारी मापनयंत्र कारखान्यात १९६१ साली इतके निर्विवाद सिद्ध झाले की त्यानंतर ते पुन्हा सिद्ध करण्याची हिंमत कोणी केली नाही.

त्याचे झाले असे. कारखान्याच्या वसाहतीत चौदा नंबरचे क्वार्टर रिकामे झाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचे झाड आणि घरातल्या घरात नळ. या क्वार्टरवर हक्क सांगणारे दोघे होते. एक, गेज विभागातले दामोदरपंत हसबनीस, मूळचे वाईचे. दुसरे, टूलरूममधले हंबीरराव, गडहिंग्लजकडचे. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलेले. दोघांना एकेक बायको, दोन-दोन मुले आणि एकेक आई. क्वार्टर वाटणाऱ्या समितीने दोन्ही आयांची वयेही ताडून पाहिली, तर तीसुद्धा सारखी निघाली (दोन्ही माउलींनी ती अंदाजाने सांगितली होती). आता निवाडा करायचा कसा?

दामोदरपंतांच्या दृष्टीने हा प्रश्न पाण्याचा होता. ते राजाजीनगरात एका खोलीत राहत. पाणी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला, तेही उजाडायच्या आत. त्यांची बायको नीला गेली चार वर्षे रोज त्या रांगेत उभी राहत होती. तिला क्वार्टरविषयी दुसरे काही विचारायचे नव्हते.

"नळ कुठल्या अंगाला आहे हो त्या घरात?"

"स्वयंपाकघरात. मोरीच्या वर."

"म्हणजे बसल्या जागी?"

"बसल्या जागी."

त्या दिवसापासून कपडे वाळत घालताना ती गुणगुणू लागली, आणि दामोदरपंतांनी क्वार्टरचा अर्ज पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात लिहून काढला.

तेवढ्यात जनरल मॅनेजर साहेब परदेशातले कारखाने पाहून परतले. तिकडे त्यांनी कारखाने पाहिलेच, शिवाय एका गावी माणसे आधी पोहतात, मग सायकल मारतात आणि मग धावतात असेही पाहिले. आल्या आल्या हुकूम सुटला: क्वार्टरचा निकाल त्रिविध शर्यतीने लागेल. कारखान्यामागचे तळे पोहून पार करायचे, तिथून सायकलीने मोठ्या फाटकापर्यंत यायचे, फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत धावायचे. नवशिक्यांसाठी म्हणून शर्यत मुद्दाम आखूड ठेवली होती. धडधाकट माणसाने एक विडी पेटवून निघावे आणि विझायच्या आत परत यावे, एवढी.

शर्यतीचे नियम दोन. पहिला: प्रत्येक टप्प्यास त्या टप्प्याचा योग्य पोशाख अनिवार्य, योग्य म्हणजे काय ते क्रीडा समिती शर्यतीनंतर ठरवील. दुसरा: निकाल लागेपर्यंत स्पर्धकांचे सर्व साहित्य समितीच्या ताब्यात राहील. कोणीही बाहेरून मदत घ्यायची नाही, हे नियमात घातले नव्हते, कारण सरकारी कारखान्यात ते गृहीतच असते.

क्रीडा समितीचे चिटणीस होते आप्पाजी. तीन पिढ्या बंगळुरात काढलेले मराठी घर. आप्पाजींचे मराठी चिकपेटेच्या कानडी बाजारातून फिरून आल्यासारखे लागे.

"दामोदरअण्णा, तुम्हाला पोहायला येते नव्हे?"

"येते की. वाईला कृष्णेत लहानपणी पुराच्या पाण्यात उड्या मारायचो."

"सरी, सरी, बरोबर. अंगावर काय घालत होता?"

"काही नाही."

आप्पाजींनी दुःखाने मान हलवली. "मग ते पोहणे नाही धरता येत अण्णा. स्वल्प विचार करा. ते नुसते भिजणे."

ही गोष्ट दामोदरपंतांच्या मनाला लागली. इतकी वर्षे आपल्याला पोहता येते अशा भ्रमात आपण होतो, ही जाणीव कोणालाही अंतर्मुख करील. त्यांनी त्या दिवसापासून सरावाचा विचार सोडला आणि पोशाखाच्या मागे लागले.

बंगळुरात तेव्हा अशी शर्यत धावलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळे सल्लागारांना तोटा नव्हता. स्टोअर्समधल्या एकाने सांगितले की सायकलीला डायनॅमो हवाच (शर्यत सकाळी नऊला होती, पण विलंब झाल्यास काय, असा विचार करून दामोदरपंतांनी तो बसवून घेतला). दुसऱ्याने पँटीच्या क्लिपा सुचवल्या, त्या सुटल्यास राखीव क्लिपा, आणि दोन्ही ठेवायला कॅरिअरवर पेटी. हेडक्लार्कने धावण्याच्या अर्ध्या चड्डीची लांबी विचारली आणि ती ऐकून हळहळला. कॅनव्हासच्या बुटांना पांढरा खडू लावावा की लावू नये यावर कँटीनमध्ये दोन तट पडले. ते पुढे बोनसच्या वाटाघाटीतही वेगवेगळे बसत. काकडत्या बंगळुरी सकाळी माकडटोपीशिवाय सायकल चालवणे म्हणजे कानांशी वैर, याबद्दल मात्र सर्वांचे एकमत होते.

पण खरा पेच पाण्याचा. तळ्याचे पाणी गार. गार पाण्यात माणूस काय घालतो? दामोदरपंतांनी तर्क लढवला. गार हवेत माणूस स्वेटर घालतो. गार पाणी गार हवेपेक्षा जास्त गार. सबब, गार पाण्यात जास्त स्वेटर. या तर्कात आजपर्यंत कोणाला खोट सापडलेली नाही.

लोकर आली. रंग मेंदी, कारण शेवाळ लागले तर दिसणार नाही. नीलाने विणायला घेतले ते नळाच्या रांगेत. घागर पायाशी, सुया हातात, दोन सुलट दोन उलट. रांगेतल्या बायका पुढे सरकत, ही टाके मोजत मागे राही. पोशाखाला गळाबंद कॉलर होती, कारण पडसे गळ्यातून शिरते. बाह्या पूर्ण होत्या. पाय घोट्यापर्यंत. छातीवर खिसा, रुमालासाठी.

"अहो, पण पोहायची तालीम कधी करणार?" एकदा तिने विचारले.

"आधी पोशाख होऊ दे. पोशाखाशिवाय तालीम म्हणजे नुसती अंघोळ."

"अंघोळीलासुद्धा पाणी लागतं," ती म्हणाली आणि पुढचा टाका घेतला.

तिकडे हंबीरराव झोपले नव्हते. लोकरीची बातमी फुटताच त्यांनी लॉरीची जुनी ट्यूब मिळवली आणि शिवाजीनगरातल्या पंक्चरवाल्याकडून अंगाबरोबर रबरी पोशाख चिकटवून घेतला. ट्यूबचा व्हॉल्व्ह टाकून देणे जिवावर आले, म्हणून तो पाठीवर तसाच ठेवला. हवा भरली की ऊबही राहते आणि बुडायचीही भीती नाही.

"काय दामूअण्णा," ते कँटीनमध्ये म्हणाले, "लोकर का मेंढीसकट आणली?"

"हंबीरराव, तुम्ही तेवढं रस्त्यावर खिळे बघून चाला," दामोदरपंत म्हणाले.

शर्यतीचा दिवस उजाडला. तळ्याकाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये पोशाख बदलण्याचा तंबू, पलीकडे सायकली. दामोदरपंत मेंदी रंगाच्या लोकरीत, कॉलरचे वरचे बटण लावून, पाण्यात उतरले. हंबीररावांत हितचिंतकांनी पंपाने हवा भरली. हितचिंतक पुष्कळ होते.

शिटी झाली. पहिले दहा हात दामोदरपंत झोकात गेले. मग पोशाखाला तहान लागली. लोकर पाणी पिते हे सर्वांना ठाऊक असते, पण किती पिते हे कोणी तिला विचारलेले नसते. बाह्या लांबल्या, हाताच्या पुढे गेल्या आणि स्वतंत्रपणे पोहू लागल्या. पाय मागे काठापर्यंत रेंगाळले. खिशात एक मासा आला, त्याला जागा आवडली. दामोदरपंतांना वाटले आपण बुडतो आहोत. प्रत्यक्षात तळे उतरत होते. मध्यावर धोब्यांचा एक दगड उघडा पडला, तो कोणी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या दोन म्हशी चकित होऊन स्वतःचे गुडघे न्याहाळू लागल्या. (कारखाना मोजमापाचा असल्याने पातळी तत्काळ मोजण्यात आली. तिघांनी मोजली, तीन उत्तरे आली. सरासरी काढून पाणी वाढल्याचे नोंदवले गेले.) शेवटी दामोदरपंत तळे पोहून नव्हे, चालत पार करून आले. तळे त्यांच्याबरोबर आले.

हंबीररावांना वारा लागला होता. ते आधी पूर्वेच्या काठाला गेले, मग पश्चिमेच्या. पाणी आटले तेव्हा चिखलावर आले आणि तिथून घरंगळत, हात दोन्हीकडे ताठ, दामोदरपंतांच्या पाठोपाठ तंबूत शिरले.

शर्यतीचा खरा टप्पा हा. आता पोशाख उतरवायचा, सायकलीचा चढवायचा आणि निघायचे. पण दामोदरपंतांना पाण्याच्या वजनाने हात डोक्यावर उचलवेना. हंबीररावांना हवेमुळे हात खाली आणता येईना. तंबूत दोघेच. नवे कपडे दोन स्टुलांवर घडी करून ठेवलेले, क्लिपा, राखीव क्लिपा, माकडटोप्या.

लोकरीतून पाणी ठिबकत होते.

"दामूअण्णा," हंबीरराव म्हणाले, "पाठीमागचा व्हॉल्व्ह तेवढा दाबा की."

"दाबतो. तुम्ही आधी माझी बाही ओढा."

"हात वाकत असता तर ओढली नसती? आधी हवा जाऊ द्या."

"हवा गेली की तुम्ही जाल."

"मी तसा वाटतो?"

दामोदरपंतांनी विचार केला. गेली सहा वर्षे दोघे एका डब्यातली चटणी खात होते. हंबीररावांच्या मुलाला गोवर आला तेव्हा दामोदरपंत रात्रभर दवाखान्यात बसले होते. हा माणूस दगा देणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेवढ्यात त्यांना मोरीच्या वरचा नळ दिसला.

"तसे नाही हो," ते म्हणाले. "पण आधी तुम्ही."

"नाही. आधी तुम्ही."

बाहेर प्रेक्षकांनी चहा घेतला, मग जेवण घेतले, मग घरचा रस्ता घेतला. साहेब गेले. आप्पाजींनी तंबूच्या फटीतून डोकावून विचारले, "स्वल्प वेळ लागेल का अण्णा?" आणि खुर्च्या मोजायला गेले. सूर्य झेंड्याच्या खांबामागे गेला. दोन शहाणी, नोकरदार, मुलाबाळांची माणसे एकमेकांच्या हातभर अंतरावर उभी होती आणि एक विडी पेटून विझावी एवढ्या शर्यतीतला दुसरा टप्पा सुरू होत नव्हता.

दिवे लागायच्या वेळी नीला आणि हंबीररावांची बायको कौशल्या आत आल्या. दोघींनी आत पाहिले, एकमेकींकडे पाहिले. नीलाने हंबीररावांच्या पाठीवरचा व्हॉल्व्ह दाबला. कौशल्याने दामोदरपंतांची बाही ओढली.

"इतकंच होतं?" नीला म्हणाली.

समितीने याची गंभीर दखल घेतली. बाहेरून मदत झाली होती, पण प्रत्येकाला ती प्रतिस्पर्ध्याच्या घरातून झाली होती, आणि याला पूर्वीचे उदाहरण नव्हते. निकाल राखून ठेवण्यात आला. दुसऱ्या नियमाप्रमाणे साहित्य समितीच्या ताब्यात गेले. रबरी पोशाख कपाटात मावला. लोकरी पोशाख मात्र कपाटात, कचेरीत, स्टोअर्समध्ये कुठेच मावेना. आणि ओले साहित्य हे साहित्य धरता येत नाही, ते वाळल्यावरच निकालाचा विचार होऊ शकेल, असे आप्पाजींनी सप्रमाण दाखवून दिले. हवेशीर, रिकामी, पाण्याचा निचरा असलेली जागा वसाहतीत एकच होती.

चौदा नंबर क्वार्टर पोशाखाला तात्पुरते देण्यात आले. धड पुढच्या खोलीत, पाय मागच्या खोलीत, एक बाही स्वयंपाकघरात मोरीवर सोडलेली, तिच्यातून पाणी ठिबकते. बंगळूरची हवा अशी की पोशाख जरा सुकत आला की पाऊस येतो. आज कैक वर्षे तो तिथे आहे. भिंतींना चुना त्याच्यासाठी दर दिवाळीला लागतो. पेरू आप्पाजी काढून नेतात.

दामोदरपंत रविवारी पोशाख चाचपून येतात. अजून दमट असतो. हंबीरराव बरोबर असतात. दोघे ओट्यावर बसून पुढच्या शर्यतीला लोकर घ्यावी की रबर यावर बोलतात. नीला राजाजीनगरच्या रांगेत उभी असते. पहिल्या वर्षी तिने एकदा विचारले होते, "तिथला नळ चालू आहे का हो?" चालू आहे, असे दामोदरपंतांनी सांगितले. त्यानंतर तिने गुणगुणणे बंद केले.

आपण हसलात, हे ठीकच आहे. हसून झाले की उठा आणि आपल्या घरातून एक फेरी मारा. त्या व्यायामाच्या मुद्गलांवरून, रॅकेटवरून, एकदाच घातलेल्या बुटांच्या खोक्यावरून धूळ पुसा. खिडकीजवळची, वारा येणारी, कोरडी जागा त्यांना दिली आहे ना, बघा. आणि मग ज्यांनी आपला व्हॉल्व्ह दाबला असता ती माणसे कुठे झोपतात, तेही एकदा पाहून या.