संरक्षित मेहुणा

सागरी अभयारण्यात एकही कासव नाही, याबद्दल कार्यालयाची काही तक्रार नव्हती. कुंपण होतं, फलक होते. कासवांना निवांतपणा मिळावा म्हणून ध्वनिवर्धकावरून दिवसभर 'शांतता राखा' अशी घोषणाही चालू असे. मग तपासणी समिती येणार असल्याचं कळलं आणि साहेबांनी रखवालदाराला बोलावलं.

"उद्या कासव दिसलं पाहिजे. नाहीतर नोकरी गेली म्हणून समजा."

रखवालदार घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. समोर बायकोचा भाऊ जेवून आडवा झाला होता. डोळे अर्धे मिटलेले, हालचाल बेताची, काम सांगितलं की मान आत. रखवालदाराला देव पावला.

"भावोजी, करायचं काय पण?" कार्यालयाच्या दारातल्या शोभेच्या कासवाचं कवच पाठीला बांधून घेताना मेहुण्याने विचारलं.

"नुसतं पडून राहायचं."

"मग त्यात माझा हात कोण धरणार!"

समिती भारावली. मेहुण्याने ढेकर दिली, तिची नोंद 'दुर्मीळ वर्तन' अशी झाली. पायात बिल्ला अडकवला गेला. माग काढणारं यंत्र तर इतक्या सढळ हाताने गोंद ओतून चिकटवलं की कवचही अंगाला कायमचं बसलं.

"अहो, मी माणूस आहे!" मेहुणा ओरडला.

अध्यक्ष हळहळले. "माणसांच्या संगतीने बिघडलंय बिचारं. याला माणसांपासून लांब ठेवा."

रखवालदाराची नोकरी वाचली, पण पहारा मेहुण्यावरच लागला. बायको तणतणत कार्यालयात गेली.

"साहेब, माझा भाऊ परत द्या. घसा फोडून ओरडतोय तो!"

"बाई, कासवं बोलत नाहीत. त्यामुळे कार्यालयाला ते ऐकता येत नाही."

तेव्हापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. रखवालदाराला घास गोड लागेना. आणि एका सकाळी चक्क खरं कासव वाळूवर आलं! तो धावत सुटला.

"साहेब, खरं कासव आलं! आता तरी मेहुण्याला सोडा."

"बिल्ला आहे का त्याला?"

"नाही, पण..."

"मग ते उपरं. हाकला."

रखवालदाराने काठी आपटत त्याला समुद्रात परत घालवलं. लाजेने त्याला मेहुण्याकडे बघवेना.

मेहुणा अजून तिथेच आहे. तुम्ही पाहिलंय त्याला. मागच्या सुट्टीत कुंपणाला टेकून फोटोही काढलात. तो हात जोडून "सोडवा हो!" म्हणत होता आणि तुम्ही मुलाला म्हणालात, "बघ, किती माणसाळलंय!"